तिच्या बोटांच्या मापाची चकमक

३ जानेवारी, शुक्रवार

ज्याच्या कृपेने कठीण दगडाच्या पोटातही तेज निजून राहते आणि ज्याच्या इच्छेने ते जागे होते, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. त्याने या लेखणीला खरे लिहिण्याचे बळ द्यावे, कारण आजचा मजकूर लिहिताना हात मागे सरतो.

देवापुढचा दिवा विझला.

आज सकाळी कोनाड्याकडे पाहिले, तेव्हा वात काळी पडून वाटीच्या काठाला चिकटली होती. तेलाचा थेंब नव्हता. काल दिवसभर मी माझ्या ग्रंथातील आवाहनाच्या प्रकरणात गढलो होतो. अग्नीचे स्वरूप, त्याची नामे, त्याचे आवाहन असा हा ग्रंथ गेली कित्येक वर्षे चालला आहे. अग्नीविषयी लिहिताना समोरचा अग्नी उपाशी मेला, हे एखाद्या शिष्याने केले असते तर मी त्याला बरेच काही ऐकवले असते.

पत्नी कन्येच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. एरवी ती हा दिवा रोज पहाटे नव्याने लावी, आणि तोही चकमकीने. काडेपेटीची ज्योत या दिव्याला चालत नाही. हा नियम माझा. दगड आणि पोलाद यांच्या संघर्षातून जन्मलेला, कोणाच्याही चुलीतून उसना न आणलेला अग्नीच देवापुढे असावा, असे मी लग्नानंतर लगेच ठरवले आणि पुढे अनेक व्याख्यानांतून मांडले. श्रोत्यांना ते फार आवडे. निघताना पत्नी म्हणाली, "तुम्हांला चकमक जमायची नाही. मी लावून जाते, तुम्ही फक्त विझू देऊ नका." तिने तेलाचा बुधला माझ्या मेजावर, कागदांच्या अगदी शेजारी आणून ठेवला होता. मी तो दुसऱ्याच दिवशी फडताळात हलवला. तेलाचा डाग पडला असता.

असो. चकमक घरातच आहे. उद्या लावून टाकीन. एवढा काही मोठा प्रश्न नाही.

४ जानेवारी, शनिवार

प्रश्न मोठा आहे.

पत्नीचा पत्र्याचा डबा उघडला. आत चार वस्तू होत्या: चकमक, गारगोटी, ठिणगी धरावी म्हणून कोळपवून काळ्या केलेल्या चिंध्यांची पुडी आणि उलगडलेल्या सुतळीचा बोळा. चकमक म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी; मूठ मिटली की बोटांच्या पेरांवर बसावी अशी. माझे सासरे विळे-कोयते घडवीत. त्यांनी एका झिजलेल्या कानशीपासून ही चकमक लेकीच्या लग्नात तिच्या बोटांचे माप घेऊन केली. माझी फक्त दोन बोटे तिच्यात शिरतात, तीही मोठ्या नाराजीने.

गारगोटीच्या धारेवर चिंधी धरून पोलाद खाली ओढायचे, एवढे मी दुरून पाहिले होते. दुरून म्हणजे मेजावरून, पोथीच्या वरच्या कडेवरून. पहिल्याच घावाला बोटाचे साल निघाले. नंतर ठिणग्या पडल्या, सुंदर पडल्या, पण चिंधीवर एकही टिकली नाही. काही धोतरावर गेल्या, एक चष्म्यावर आली.

हात पुशीत असतानाच पत्नीचा फोन आला. ती रोज याच सुमारास करते.

"अहो, दिवा आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"औषध घेतलंत?"

"घेतलं."

"बाळ आज हसलं बरं का. म्हणजे मला तरी तसं वाटलं. तुमची लेक म्हणते, वारा धरलाय पोटात."

"उत्तम."

"आणखी काही?"

"नाही. सर्व यथास्थित."

मग तिने फोन ठेवला. प्रत्येक वेळी ती हा शेवटचा प्रश्न का विचारते, कळत नाही. काही असते तर मी सांगितलेच असते.

६ जानेवारी, सोमवार

"दिवा आहे" हे विधान असत्य नाही. दिवा म्हणजे पात्र, वात आणि आधार. ज्योत हा त्याचा धर्म, त्याचे स्वरूप नव्हे. पात्र जागेवर आहे. या युक्तिवादात व्याकरणदृष्ट्या काही खोट काढता येणार नाही. तरीही काल दुपारी जेवताना घास फिरत होता.

पुडीतील चिंध्या संपत आल्या. आज शेवटून दुसरी उचलली, तर तिच्या कडेला शिवलेले काज दिसले. जळून काळे झालेले, पण टाके शाबूत. निरखून पाहिले. माझा सदरा. राखी पट्ट्यांचा, व्याख्यानाला जाताना घालीत असे तो. माझे जुने सदरे पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. म्हणजे इतकी वर्षे देवापुढच्या ज्योतीने पहिला श्वास माझ्या सदऱ्यावर घेतला आणि मला त्याचा पत्ता नाही.

ती चिंधी वापरवली नाही. पुडीत परत ठेवली.

९ जानेवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांकडे गेलो. ते अजून कोळशाची इस्त्री वापरतात. त्यांची शेगडी सकाळपासून फुललेली असते. आमची ओळख जुनी आहे. ते देवळात जात नाहीत, मी त्यांना उपदेश करत नाही. त्यामुळे मैत्री टिकली आहे. चिंध्या कशा कोळपवतात, हे त्यांना ठाऊक असेल असे वाटले.

"गुरुजी, मी कपडे न जाळण्याचे पैसे घेतो," ते म्हणाले. "जाळायचे असतील तर दुसरं दुकान बघा."

मी सर्व हकीकत सांगितली. ते इस्त्री उभी करून ऐकत राहिले.

"चहा कशावर करता?"

"गॅसवर."

"गॅस कशानं पेटवता?"

"लायटरने."

"त्या लायटरमधून काय पडतं? ठिणगी. मग तीच दाखवा की देवाला! देव काय वर बसून बिल मागणार आहे, की ठिणगी कुठल्या दुकानातली?"

"नियम आहे, भाऊ."

"कुणाचा?"

"माझा."

"आणि पाळत कोण होतं?"

 समोर एका मुलीचा शाळेचा झगा होता, त्याच्या चुण्या ते फार नाजूकपणे बसवीत होते. मग त्यांनीच एक झाकणाचा डबा शोधून दिला. झाकणाला खिळ्याने भोक पाडले, आत माझा जुना रुमाल घातला आणि डबा निखाऱ्यांवर ठेवला. भोकातून धूर येत राहिला. तो थांबला तेव्हा रुमाल काळा, हलका, कागदाहून ठिसूळ झाला होता. असे करताना त्यांनी कोणाला तरी पाहिले असावे. कोणाला, असे विचारले.

"वहिनी इथंच करायच्या की! दर दोन-तीन महिन्यांनी. तुमचे सदरे आणून. गप्पा मारायच्या तासभर. हसायच्या काय!"

ती इथे बसून हसत असे, हे मला नवीन आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज विचारपूर्वक एक निर्णय घेतला. चिंधी योग्य, गारगोटी योग्य, ठिणग्याही पडतात, तरी अग्नी धरत नाही. तेव्हा दोष साधनाच्या अशुद्धीत असला पाहिजे. चकमकीवर गंज आहे, बोटांचा मळ आहे, आणि गेले काही दिवस तिने अर्धसत्य बोलणाऱ्या हाताचा स्पर्श सहन केला आहे. धातूची शुद्धी अग्नीनेच होते, याविषयी सर्व शास्त्रकारांत एकमत आहे.

स्नान करून, प्रार्थना म्हणून, चकमक चिमट्यात धरली आणि गॅसच्या ज्योतीवर तापवली. ती मंद लाल झाली. पुष्कळ वेळ तशीच धरून ठेवली. नंतर घाईने पाणी ओतणे मला अनादराचे वाटले. म्हणून राखेच्या भांड्यात ठेवून सावकाश निवू दिली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचा गंज गेला होता. आतल्या बाजूला जिथे पत्नीची बोटे बसत, तिथे एक गुळगुळीत चकाकी होती, तीही गेली. पण शुद्धीकरणात एवढे जायचेच.

मनाला फार शांतता वाटली.

१३ जानेवारी, सोमवार

चकमक मुकी झाली.

एकही ठिणगी नाही. पूर्वी घाव घातला की 'चट्' असा आवाज येई, आता 'खट्' येतो, ओल्या लाकडासारखा. गारगोटी पोलादावर चरे पाडते. पोलाद ते निमूटपणे सोसते.

फोनवर कन्या बोलली. "बाबा, आईला इथेच ठेवून घेऊ का? बाळ शाळेत जाईपर्यंत तरी. मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं छान. तुम्हीही अधूनमधून येत जा." मग पत्नी फोनवर आली.

"लेक म्हणतेय ते ऐकलंत? तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "कर्तव्याच्या दृष्टीने पाहता तुझी तिथे अधिक आवश्यकता दिसते. तथापि तुझ्या मनाला रुचेल ते करावेस. इकडची चिंता नसावी."

"बरं," ती म्हणाली. "महिनाअखेरीला सांगते लेकीला. आणखी काही?"

"नाही."

उत्तर समतोल होते. कोणावरही भार न टाकणारे. मी त्यावर संतुष्ट असायला हवे. दुपारी वाचायला बसलो, तर ओळी दिसत होत्या, शब्द दिसत नव्हते.

१५ जानेवारी, बुधवार

सर्दी. काही घडले नाही. कोनाड्याकडे पाहणे टाळले.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज पहाटे आपोआप जाग आली आणि बराच वेळ मी कशाची तरी वाट पाहत पडून राहिलो. कशाची, ते लवकर उमगेना. मग उमगले. चट्, चट्, थोडे थांबून पुन्हा चट्. मग फुंकर, आणि ती स्वतःशीच म्हणे, "हां, आलास का?" आयुष्यभर त्या आवाजाने मी जागा झालो आणि आयुष्यभर समजत राहिलो, की मला नियमाने जाग येते.

'चकमक' हा शब्दही आज फार वेळ मनात घोळला. आपल्या भाषेत तो अग्नीच्या साधनाचाही आहे आणि दोघांच्या खटक्याचाही. आमच्यात चकमकी पुष्कळ उडत. भाजीत मीठ कमी, पाहुण्यांपुढे मी फार बोललो, तिने माझ्या टाचणांच्या कागदाने फडताळ पुसले. ती तोंडाला तोंड देई, मी संस्कृतात शिरलो की म्हणे, "आता पळालात का पोथीत? या बाहेर!" त्या वेळी मला वाटे, घरात शांतता असती तर ग्रंथ केव्हाच पूर्ण झाला असता.

घरात आता पुष्कळ शांतता आहे. ग्रंथ पानभरही पुढे सरकलेला नाही. आवाहनाच्या प्रकरणात एका क्रियापदाशी अडलो आहे. अग्नीला बोलावताना प्राचीन द्रष्टे किती साधे बोलतात! त्याची थोरवी पुढे सांगतात. आधी फक्त म्हणतात, ये. जणू दारातल्या माणसाला म्हणावे तसे. या 'ये' वर मी आजवर बरीच पाने लिहिली आहेत. त्याचा काळ, त्याचा अर्थ, त्यातील आज्ञा आणि विनंती यांचे प्रमाण. तरी प्रकरण पुरे होत नाही. काहीतरी हातातून निसटते आहे.

२० जानेवारी, सोमवार

आज सांगून टाकले. पत्नीने नेहमीप्रमाणे विचारले, "दिवा आहे ना?" आणि मी म्हणालो, "आहे. पण विझलेला आहे."

"माहितेय मला."

"तुला कसे माहीत?"

"इतके दिवस 'दिवा आहे, दिवा आहे' म्हणताय. तेवतोय असं एकदा तरी म्हणालात का? चाळीस वर्षं तुमचं व्याकरण ऐकतेय मी." ती हसत होती. "तेल संपलं ना? बुधला कुठं हलवलात?"

"फडताळात."

"वाटलंच. मग आता? चकमक उचललीत की नाही?"

मी चिंध्यांचे सांगितले, बोटाचे सांगितले. ती मधूनमधून हं हं करीत होती. मग शुद्धीकरणाचे सांगितले. हुंकार थांबले.

"काय केलंत?"

"अग्नीने शुद्ध केली."

"भाजलीत? माझी चकमक भाजलीत? कणीस आहे का ते?"

"शास्त्र असे सांगते की धातू..."

"शास्त्राला सांगा, पोलादाला पाणी दिलेलं असतं! माझ्या बापानं दिलं होतं. भट्टीतनं काढून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, म्हणून ठिणगी पडते. तुम्ही पुन्हा तापवून राखेत निजवलंत. मऊ पडली ती! पाणी उतरवलंत तिचं!"

"मला ठाऊक नव्हते."

"विचारायचं होतं! फोन काय दिवा आहे का नुसता जागेवर असायला? रोज विचारते मी, आणखी काही? आणखी काही? आणि तुम्ही आपले यथास्थित, यथास्थित!"

"तू इतक्या दुरून उगाच संतापू नकोस."

"जवळ असते तर कमी संतापले असते होय?"

मीही काहीतरी कठोर बोललो. बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

 तिची बापाची आठवण मी राखेत घातली, याचे दुःख खरे आहे. आणि तरीही, ईश्वरासमोर काही लपवायचे नाही असे ठरवले आहे म्हणून लिहितो, की फोन ठेवल्यानंतर मला कित्येक आठवड्यांनी प्रथमच भूक लागली. दोन पोळ्या अधिक खाल्ल्या. याचा अन्वय मला लागत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी तिचाच फोन आला. दिव्याची चौकशी नाही, औषधाची नाही.

"उठा. चकमक घ्या, चिमटा घ्या, इस्त्रीवाल्या भावजींकडे जा. फोन बंद करू नका. पाणी द्यायचंय तिला."

"मी? त्यापेक्षा एखाद्या जाणत्या लोहाराकडे..."

"लोहाराची लेक फोनवर आहे. चला."

खाली गेलो. इस्त्रीवाल्यांनी फोन आपल्या टेबलावर, घडी केलेल्या चादरींच्या थप्पीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. "वहिनी, गुरुजी आलेत! हातात चिमटा आहे! आता देवच तारणार माझ्या कपड्यांना!"

"भावजी, कोळसे पंख्यानं फुलवा चांगले. आणि उन्हात उभे आहात का?"

"आहोत."

"सावली करा. उन्हात रंग कळत नाही."

त्यांनी कोणाची तरी दुहेरी चादर उचलली आणि शेगडीवर छतासारखी धरली. खाली मी, निखारे आणि चकमक. धुराने डोळ्यांतून पाणी येत होते.

"रंग सांगा," ती म्हणाली.

"उषःकालाच्या प्रथम प्रहरी पूर्वेला जी आरक्त..."

"अहो! पोथीतला नको. डोळ्यांना दिसतोय तो सांगा."

मी पाहिले. खरोखर पाहिले. "काळपट लाल. सुकलेल्या डाळिंबासारखा."

"थांबा. पंखा मारा भावजी."

"आता लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखा."

"अजून थांबा. घाई करू नका."

"टोमॅटोसारखा. कडेला... कडेला थोडी नारिंगी झाक येते आहे."

"सगळीकडे सारखा आहे का?"

"एका टोकाला कमी."

"ते टोक आत सरकवा. आता?"

मी चिमटा फिरवला.  चादरीच्या छताखाली तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी कानाशी असल्यासारखा. वाटले, लहानपणी बापाच्या भात्याशी ती अशीच रंग पाहत उभी राहिली असेल. एवढ्या वर्षांत मी तिला तिच्या भट्टीविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता.

"सारखा झाला," मी म्हणालो. "पिकलेल्या टोमॅटोसारखा, उजेड धरलेला."

"बुडवा! उभी बुडवा, आडवी नको! एकदम!"

बादलीत चर्र झाले. वाफ वर आली, चादरीला लागून पसरली. इस्त्रीवाले म्हणाले, "चादरीला वाफेची इस्त्री फुकट!"

"ऐकलं मी," पत्नी म्हणाली.  "बाबांच्या दुकानात असाच आवाज यायचा. आता पुसा आणि गारगोटीवर मारा. फोनजवळ मारा."

बोटे अडकवली. घाव घातला. खट्.

"अंग चोरताय. मनगट सोडा. दगडाला मारायचं नाही, दगडावरून ओढून काढायचं. ठिणगी दगडाची नसते हो, पोलादाची असते. दगड नुसता तिला सोलतो."

मी आजवर प्रत्येक व्याख्यानात 'दगडाच्या पोटातला अग्नी' असे म्हणत आलो. या वहीच्या पहिल्या पानावरही तसेच काहीसे लिहिले आहे. खोडणार नाही, राहू दे.

मनगट सोडले. चट्.

तीन ठिणग्या चादरींच्या थप्पीवर पडल्या आणि विझल्या. इस्त्रीवाले ओरडले, "अहो, दुकान जाळता का!"  पत्नी फोनवरून हळूच म्हणाली, "आली वाचा."

२२ जानेवारी, बुधवार

आज पहाटे दिवा लागला.

रुमालाची चिंधी नव्हती घेतली. सदऱ्याचे काज असलेली ती जुनी चिंधी काढली. सातव्या की आठव्या घावाला तिच्या कडेला एक लाल टिंब बसले. बसले आणि टिकले. मग ते चालू लागले. टाक्यांवरून सावकाश, जणू कोणी लाल दोऱ्याने पुन्हा काज करीत आहे. सुतळीच्या बोळ्यात ठेवून फुंकर घातली. धूर, अधिक धूर आणि अकस्मात ज्योत. माझ्या तोंडून निघाले, "हां, आलास का?" माझाच आवाज ऐकून दचकलो.

वातीला ज्योत दिली. कोनाडा उजळला. देवाचे मुख दिसले. मी हात जोडले, डोळे मिटले; आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे देव आला नाही. गुडघ्यांवर बसलेली, पदर दातांत धरून फुंकर घालणारी पाठमोरी बाई आली.

फोन नेहमीच्या वेळी आला.

"दिवा आहे ना?"

"तेवतो आहे."

"खरंच?" ती आनंदली. "एकट्यानं लावलात? बोट कापलं?"

"दोन कापली."

"छान झालं. बोटं नव्हे, दिवा."  तिचा आवाज बदलला. कपड्याच्या घडीसारखा नीट झाला. "चला. आता तुम्हांला जमायला लागलं. मग माझं काही अडलं नाही तिथे. लेकीला हो म्हणून सांगू?"

मी कोनाड्याकडे पाहिले. ज्योत स्थिर होती. नियम पाळला गेला होता, तुटलेले व्रत पुन्हा जुळले होते, मागण्यासारखे काही उरले नव्हते. आणि तरी छातीत ते मुके पोलाद होते, ज्यावर कितीही घाव घातले तरी 'खट्' एवढेच वाजते.

"आणखी काही?" तिने विचारले.

माझ्याजवळ पुष्कळ वाक्ये होती. 'येणे व्हावे', 'यावेसे वाटल्यास यावे', 'तुझी उपस्थिती इष्ट आहे'. सर्व ओठांपर्यंत आली आणि सर्व खोटी वाटली. ज्या क्रियापदावर पाने भरली ते मी कोणाही माणसाला उद्देशून कधी उच्चारले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले.

"ये," मी म्हणालो.

"काय म्हणालात? बाळ रडतंय, ऐकू येत नाही."

"ये."

"अहो मोठ्यानं बोला की!"

"ये!" मी ओरडलो. "ये म्हणतोय! दिव्यासाठी नव्हे. दिवा लागला आहे. तू ये!"

खालून, रस्त्यावरून, इस्त्रीवाल्यांचा आवाज आला, "आलो, आलो गुरुजी! काय झालं?"

फोनमध्ये मूलही शांत झाले होते. मग ती इतकी हसली, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. हसता हसता तिने नाक ओढले.

"एवढंसं अक्षर," ती म्हणाली. "एवढ्याशा अक्षराला एवढी वर्षं!"

"तुझे उत्तर काय?"

"लेकीला सांगते, दुसरी मदतनीस बघ म्हणून. शनिवारच्या गाडीनं निघते. आणि भांडायचंय मला अजून. भाजलीत म्हणजे काय, सोडणार नाही मी!"

"सोडू नकोस," मी म्हणालो.

२६ जानेवारी, रविवार

गाडी थोड्याच वेळात यायची आहे. इस्त्रीवाल्यांनी माझा सदरा स्वतःहून कडक करून दिला आणि म्हणाले, "हा पुढं जाळला जाणार आहे, एवढं ध्यानात ठेवा." मी स्टेशनवर जाणार आहे, पूर्वी कधी गेलो नव्हतो.

दिवा आज मुद्दामच लावला नाही. तेल भरले, वात वळली, डबा कोनाड्यासमोर मांडला. चकमक पुन्हा तिच्या बोटांत बसेल. मला तो आवाज अंथरुणातून नव्हे, शेजारी बसून ऐकायचा आहे. आवाहनाचे प्रकरण काल पूर्ण झाले. जुनी पाने बाजूला काढली. जे उरले ते अर्ध्या पानाचे आहे.

तेलाचा बुधला मेजावर, कागदांच्या अगदी शेजारी ठेवला आहे. डाग पडला तर पडो.

ही वही पुढे कोणाच्या हाती लागेल, ठाऊक नाही. जो वाचील त्याचे घर उजेडाने भरलेले राहो. त्याच्या पोलादाचे पाणी न उतरो. ज्याला बोलवायचे त्याला तो वेळेवर 'ये' म्हणो. आणि ज्याला बोलावले ते माणूस हसत, भांडत, दारातून आत येवो.